व्यक्तिरेखाधारित बालचित्रपुस्तके

अन्य माध्यमात लोकप्रिय झालेल्या पात्राची ठरीव चित्राकृती कायम ठेवून मुलांसाठी रचलेली सचित्र कथापुस्तके. मूळ माध्यम वृत्तपत्रीय चित्रमालिका, चित्रपट वा व्हिडिओ खेळ यांपैकी कोणतेही असू शकते. पात्राचे नाव व रूप यांवर मूळ निर्मात्याचा हक्क असल्याने प्रकाशकास त्याची अनुमती घ्यावी लागते.

व्हिडिओ खेळांवरील अशी पुस्तके १९८० नंतर अमेरिका, जपान इ. देशांत निघू लागली. त्या काळी पडद्यावरील आकृती मोजक्या ठिपक्यांची असे. शिगेरू मियामोतो यांच्या डाँकी काँग (१९८१) या खेळातील नायकाला, म्हणजेच पुढे मारिओ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पात्राला, टोपी दिली गेली ती केस रेखाटणे अवघड म्हणून, व मिशा दिल्या गेल्या त्या इवल्या चेहऱ्यावर तोंड दाखविता येत नव्हते म्हणून. चेहऱ्यावरील भाव, स्वभाव व संवाद यांची भर पुस्तकांनी घातली. निन्टेंडो ॲडव्हेंचर बुक्स (१९९१ पासून) या मालेत तर कथेचा पुढील मार्ग वाचकानेच निवडावयाचा असल्याने खेळाची रीतीही पुस्तकात उतरली.

मराठी वाचकांना या वर्गाचा दीर्घ परिचय घडला, तो मात्र चित्रमालिकांवर आधारलेल्या इंद्रजाल कॉमिक्स या मालेतून. मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने ती मार्च १९६४ मध्ये सुरू केली. इंग्रजी, हिंदी, मराठी व अन्य भारतीय भाषांतून ती प्रसिद्ध होई. ली फॉक यांचे मँड्रेक (१९३४) व फँटम (१९३६) हे तिचे प्रमुख नायक होत. आतील चित्रे परदेशी असली, तरी अनेक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगविली.

खेळांवरील पुस्तकांत चित्र भरून काढावे लागे. येथे चित्र तयार होते, नाव व भाषा द्यावयाची होती. मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. एकामागून एक पिढ्या तोच मुखवटा धारण करीत असल्याने लोक ज्याला अमर समजतात, असा हा नायक आहे. गावाबाहेरील शेंदूर फासलेल्या दगडात वास करणारा भुतांचा अधिपती आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून कथा सांगणारा वेताळ मराठी मुलांना आधीपासूनच ठाऊक होता. त्यामुळे एका शब्दाने परक्या पात्राभोवतीचे गूढ त्यांच्या परिचयाचे झाले. भारतीय आवृत्तीत नायकाच्या ‘बंगाला’ देशाचे ‘डेंकाली’ व ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ असे नामांतर करण्यात आल्याने भारतीय नावांशी असलेले साधर्म्यही टळले.

तथापि, रानातील लोकांचा रक्षणकर्ता गोरा मनुष्यच असावा, ही वसाहतकालीन कल्पना नामांतराने पुसली गेली नाही. मालेच्या आरंभकाळी तिच्याशी संबंधित असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा ही भारतीय पुराणे व इतिहास यांवरील माला सुरू केली. खुद्द इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ अवतरला. दरोडेखोराचा हा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या छत्राखाली वाढतो व गावकऱ्यांच्या साहाय्याने दरोडेखोरांशी लढतो. उसन्या पात्रांवर उभ्या राहिलेल्या मालेला अशा रीतीने स्वतःचे पात्र लाभले. १९९० मध्ये ही माला बंद पडली.

पातळ, अल्पमोली व हातोहात फिरणारे हे अंक सहज रद्दीत जात. मूळ इंग्रजी चित्रमालिका संकलित स्वरूपात पुनर्मुद्रित झाल्या आहेत. मात्र पात्रांची मराठी नावे व मराठी संवाद त्या संकलनांत मिळत नाहीत. त्यामुळे मराठी अंकांच्या उरलेल्या प्रती बालवाङ्‌मय व भाषांतर यांच्या अभ्यासाची साधने म्हणून जतन करण्यायोग्य आहेत.