वजन कमी करण्याचे ऑपरेशन : आधीची तयारी आणि नंतरची साथ

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला दवाखान्याचे काम चुकत नाही. रक्ताची बाटली, योजनेचा अर्ज, डिस्चार्जचे बिल, सगळ्यासाठी त्यालाच फोन येतो. त्यात आता आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : "ताईचे वजन फार वाढले, शुगर आहे, गुडघे गेलेत. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. करावे का?" एका बाजूला "चरबी काढून टाका" म्हणणाऱ्या जाहिराती आणि दुसऱ्या बाजूला "पोट कापून कोणी बारीक होते का?" म्हणणारे शेजारी, यांच्यामध्ये ते कुटुंब अडकलेले असते. अशा वेळी सोबत जाणाऱ्याला नेमकी माहिती असावी, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हे ऑपरेशन म्हणजे काय?

पहिला गैरसमज दूर करू. यात चरबी काढत नाहीत. चरबी ओढून काढण्याचे लायपोसक्शन वेगळे, ते लठ्ठपणाच्या आजारावरचा उपचार नाही. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात आणि ते जठरावर होते. बहुतेक वेळा दुर्बिणीतून, म्हणजे पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून केले जाते.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलीलीटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न कमी मावते हा याचा एक भाग झाला. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, स्लीव्हमध्ये तो भाग निघून गेल्याने भूकही कमी होते. बायपासनंतर आतड्यातील संप्रेरके बदलतात, त्यामुळे अनेकांची रक्तातील साखर वजन पुरेसे उतरण्याआधीच खाली येते.

म्हणूनच "तोंडावर ताबा नाही म्हणून ऑपरेशन करावे लागले" हे बोलणे चुकीचे आहे. लठ्ठपणात अनुवंश, संप्रेरके, झोप, ताण, काही औषधे आणि स्वस्तात मिळणारे तेलकट-गोड अन्न या सगळ्यांचा वाटा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रिया आणि सुमारे 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. हा काही फक्त श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

कोणासाठी?

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची 1.58 मीटर आणि वजन 95 किलो असेल तर बीएमआय साधारण 38 येतो. भारतीयांना कमी बीएमआयवरही मधुमेह व हृदयविकार होतो, म्हणून आपल्याकडे मर्यादा खाली धरतात. भारतातले डॉक्टर बरीच वर्षे 37.5 च्या वर, किंवा मधुमेहासारखे आजार असतील तर 32.5 च्या वर, हे ऑपरेशन सुचवत आले. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी आशियाई लोकांसाठी 27.5 च्या पुढेही विचार करता येईल असे म्हटले. पण "करता येईल" म्हणजे "केलेच पाहिजे" नव्हे. आहार, व्यायाम आणि औषधे यांचा नीट प्रयत्न झाला आहे का, हे आधी पाहिले जाते.

पैसा : कर्ज काढण्याआधी

विम्याचा नियम डॉक्टरांच्या नियमापेक्षा कडक आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यात साधारणपणे वय 18 पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. तो 35 असेल तर गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा आजार सोबत असावा लागतो. वजन कमी करण्याचे इतर उपाय निष्फळ ठरल्याची नोंदही लागते. म्हणून आधीचे सगळे कागद, आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्यासुद्धा, जपून ठेवा. प्रतीक्षा काळ संपला आहे का, तेही पाहा.

सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तेथील समाजसेवकाला भेटा. खर्च मोजताना "पॅकेज" एवढेच धरू नका. पुढची अनेक वर्षे जीवनसत्त्वे, रक्ततपासण्या आणि फेऱ्या आहेत. तो खर्च झेपणार नसेल तर ऑपरेशनची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनपूर्वी

रक्तातील साखर, थायरॉइड, लोह, बी-12 आणि डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, गरजेप्रमाणे एंडोस्कोपी आणि झोपेची तपासणी होते. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंगणे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण भूल देताना ती माहिती महत्त्वाची असते. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तर "आम्ही काय वेडे आहोत?" म्हणू नका. नैराश्य, दारूचे व्यसन किंवा ताणात खाण्याची सवय असेल तर आधी त्यावर उपचार हवेत.

विदर्भातील वाचकांसाठी एक खास सूचना. सिकलसेल आपल्या समाजातही आढळतो. रुग्ण किंवा वाहक असल्याचे कार्ड असेल तर ते शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघांना दाखवा, तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. शरीरातील पाणी कमी होणे आणि ऑक्सिजन कमी पडणे सिकलसेलच्या रुग्णाला घातक ठरते आणि ऑपरेशननंतर दोन्हींचा धोका असतो.

बिडी, सिगारेट, खर्रा, तंबाखू निदान सहा आठवडे आधी बंद हवे. धूम्रपानाने जखम उशिरा भरते आणि बायपासनंतर जोडावर व्रण होतो. शेवटचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि त्याच्या खालचे जठर दिसणे सोपे होते. "आता बंदच होणार आहे, खाऊन घे" असे म्हणत घरच्यांनी या दिवसांत जेवणावळ घालू नये.

ऑपरेशननंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवतात. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे आवश्यक असते. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी येतात.

आहार टप्प्याटप्प्याने वाढतो. आधी पाणी आणि गाळलेले सूप. नंतर साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ : ताक, दूध, डाळीचे गाळलेले पाणी, प्रथिनांची पावडर. मग घोटलेली मूगडाळ, मऊ अंडे, कुस्करलेला मासा किंवा पनीर. सहा ते आठ आठवड्यांनी घरचे साधे जेवण, तेही लहान वाटीभर. अचूक दिवस प्रत्येक रुग्णालय ठरवते, तोच तक्ता पाळा.

काही नियम मात्र कायमचे आहेत. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भात-भाकरी. प्रथिने दिवसाला 60 ते 80 ग्रॅम. घास नीट चावून, सावकाश. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट-घोट प्यायचे आणि दिवसभरात दीड-दोन लिटर पूर्ण करायचे. बायपासनंतर गोड खाल्ले तर धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. दारू लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, म्हणून ती नकोच. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, बायपासनंतर त्यांनी व्रण होतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टर कमी करतात, जुनीच मात्रा चालू ठेवली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे पुन्हा येतात. बी-12, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. स्त्रियांनी ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, म्हणून दुसरे साधन डॉक्टरांना विचारा. "ऑपरेशन करू, लगेच लग्न लावू, वर्षात पाळणा हलेल" असा बेत आखणाऱ्या घरांना हे समजावणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

केव्हा थांबायचे नाही?

नाडी मिनिटाला 120 च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, दम लागणे, छातीत दुखणे, पोटरीला सूज, काळी शौच : यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जठराची शिवण गळत असेल किंवा फुप्फुसात गुठळी गेली असेल तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. सतत उलट्या होत असतील तर बी-1 जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर तिथेही "बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झाले आहे" हे आधी सांगा.

साथ कशी द्यावी?

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात राजा पसेनदीची गोष्ट आहे. भरपूर जेवून धापा टाकत आलेल्या राजाला बुद्धांनी प्रमाणात खाण्याविषयी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून आपल्या प्रत्येक जेवणावेळी म्हणायला सांगितले आणि हळूहळू त्याचा आहार आटोक्यात आला. लठ्ठ माणसाला टोमणा मारायला ही गोष्ट वापरू नये. बुद्धांनी राजाची थट्टा केली नाही. उपदेश एकदाच झाला, पण रोजच्या जेवणाला कोणीतरी शेजारी होते, म्हणून तो उपयोगी पडला.

ऑपरेशनचेही तसेच आहे. शल्यचिकित्सकाचे काम दोन-तीन तासांत संपते, पुढे रोजचे ताट असते. काही वर्षांनी थोडे वजन परत येऊ शकते, आणि तेव्हा "पैसे वाया घालवले" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्या तरुणांनी त्यांच्यात सामील होऊ नये. विहारातल्या भोजनदानात अशा माणसाच्या ताटात आग्रहाने वाढू नका. तपासणीची तारीख लक्षात ठेवा, संध्याकाळी सोबत चाला, आणि रक्ताच्या रिपोर्टची फाईल एका जागी लावून द्या.