शेकरूची वाट

सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमा नदीच्या उगमापाशी, भीमाशंकरचे दाट अरण्य आहे. श्रावणात व महाशिवरात्रीस येथे यात्रेकरूंची रीघ लागते. परंतु त्यांच्या मस्तकावरून जाणारी दुसरी वाट फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. ती वाट शेकरूची. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार होय. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीस फांदी भिडलेली असेल तेथूनच ते झेपा घेत जाते आणि शत्रूचा भार न पेलणाऱ्या बारीक फांद्यांवर घरटे बांधते. मधला एक वृक्ष तोडला, की त्याची वाट खुंटते.

म्हणून १९८५ मध्ये शासनाने हे वन अभयारण्य म्हणून घोषित केले. वास्तविक कायदा मागाहून आला. त्याआधी कित्येक पिढ्या महादेव कोळ्यांनी येथील देवराया श्रद्धेने राखल्या होत्या. वणवा पसरू नये यासाठी वनखाते उन्हाळ्यापूर्वी गवताचे पट्टे काढून जाळरेषा मोकळ्या करते. तथापि पाहुण्याने टाकलेली एक ठिणगी ते सारे श्रम व्यर्थ करू शकते.

गलका केला, तर शेकरू पानांआड दडते. पायवाटेवर स्तब्ध उभे राहावे. मग पुष्कळदा तेच कर्कश ओरडून आपला ठाव सांगते.