कणांच्या ढिगातील बलांची मोजणी

वाळू, खडी किंवा धान्य यांच्या ढिगात भार सर्वत्र सारखा वाटला जात नाही. काही कण एकमेकांना टेकून रांगा धरतात आणि बराचसा भार त्या रांगांतून उतरतो; लगतचे कण मात्र जवळजवळ मोकळे असतात. या रांगांना बलशृंखला म्हणतात. भिंतीवरचा दाबमापक केवळ सरासरी सांगतो. कोणता कण कोणाला किती रेटतो, ते त्यातून कळत नाही.

म्हणून प्रयोगात वाळूऐवजी पारदर्शक, लवचिक प्लास्टिकच्या चकत्या घेतात. दाबलेल्या पारदर्शक पदार्थात प्रकाशाचे दुहेरी अपवर्तन होते, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५च्या सुमारास दाखवले होते. चकत्यांचा थर ध्रुवकांच्या, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या गाळण्यांच्या, मध्ये ठेवून दाबला की प्रत्येक दबलेल्या चकतीवर काळे-उजळ पट्टे उमटतात. चित्र देखणे असते. त्यातून आकडा काढणे अवघड. ड्यूक विद्यापीठात मजमुदार आणि बेहरिंगर यांनी २००५ मध्ये प्रत्येक स्पर्शबिंदूवरचे लंब व स्पर्शरेषीय बल मोजून दाखवले.

अशा मोजणीचे गणित सर्वांच्या हाती देणारी मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे ‘फोटोइलास्टिक ग्रेन सॉल्व्हर’. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील कॅरेन डॅनियल्स आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोलमर व जेम्स पकेट यांनी या मोजणीची सविस्तर पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. आज्ञावली आधी छायाचित्रातील चकत्या आणि त्यांचे स्पर्शबिंदू हुडकते. खरी कसोटी पुढे आहे. बले माहीत असतील तर गोल चकतीवर पट्टे कुठे उमटतील ते सूत्राने काढता येते. पट्ट्यांवरून बले सांगणारे सरळ सूत्र नाही. त्यामुळे आज्ञावली बलांचा अंदाज धरते, त्यावरून कृत्रिम पट्टे काढते, ते खऱ्या पट्ट्यांशी ताडते आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज सुधारत राहते. पहिलाच अंदाज फार चुकला तर गणित भलत्या उत्तरावर अडकते. पट्टे जितके दाट तितके बल अधिक, या ढोबळ नात्यावरून तो धरला जातो. असे निर्णय निकालावर थेट परिणाम करतात, म्हणूनच ते उघड्या आज्ञावलीत वाचता येणे मोलाचे आहे.

प्रत्येक चकतीचे गणित स्वतंत्र सुटते, त्यामुळे पडताळणीही आपोआप होते: न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे एकाच स्पर्शबिंदूवर दोन्ही बाजूंनी समान आणि विरुद्ध बले यायला हवीत.

मर्यादाही आहेत. आज्ञावली मुक्तस्रोत असली तरी ती ज्या मॅटलॅबमध्ये लिहिली गेली, ती संगणकप्रणाली विकतची आहे. शिवाय वापरलेले सूत्र गोल चकत्यांच्या एका थरापुरतेच लागू पडते.