बिलाच्या ओळी आणि संगणकाची गिरणी

दुकानातले बिल हाती आले की आपली नजर प्रथम कोठे जाते? तळाच्या बेरजेकडे! वरच्या ओळी आपण क्वचितच वाचतो. परंतु बेरीज खरी की खोटी हे ठरते त्या ओळींवरच. संगणक या ओळी कशा सांभाळतो, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

कोणत्याही बिलाचे दोन भाग असतात. वरच्या भागात गिऱ्हाईकाचे नाव, तारीख आणि बिलाचा क्रमांक. हा भाग एकदाच येतो. त्याखाली मालाच्या ओळी : वस्तू, नग, दर, रक्कम. त्या दोन असतील किंवा दोनशे. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याचा जो विचार मांडला, त्यानुसार हे दोन भाग दोन वेगळ्या तक्त्यांत ठेवतात आणि प्रत्येक ओळीवर तिच्या बिलाचा क्रमांक लिहितात. म्हणजे ओळ कोणत्या बिलाची, हा प्रश्न सुटतो.

खरी अडचण पुढेच आहे. उदाहरणादाखल 'नेटसूट' ही व्यापारी हिशेबाची अमेरिकन प्रणाली घेऊ. ती १९९८ साली सुरू झाली आणि २०१६ साली ओरॅकल कंपनीने विकत घेतली. तिच्यातील आज्ञा 'सूटस्क्रिप्ट' या पद्धतीने लिहितात. या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत ओळींची मोजणी १ पासून होते, तर दुसरीत ० पासून! जुन्या सवयीने नवी आज्ञा लिहिली, की भलत्याच ओळीला हात लागलाच म्हणून समजा.

याहून फसवी गोष्ट ओळ खोडण्याची. समजा, एका मागणीत पाच ओळी आहेत : ० साबण, १ चहा, २ साखर, ३ तेल, ४ मीठ. गिऱ्हाईकाने चहा व साखर रद्द केली. संगणक वरून खाली निघाला. १ क्रमांकाचा चहा त्याने खोडला. त्याबरोबर खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या आणि साखर १ वर आली. संगणक मात्र २ कडे गेला. तेथे आता तेल आहे. साखर सुटली! ५ किलो साखर, दर ४५ रुपये, म्हणजे न घेतलेल्या मालाचे २२५ रुपये बिलात राहिले. उपाय अगदी साधा आहे : खोडायचे असेल तर खालून वर यावे. मग ओळी सरकल्या तरी त्या तपासून झालेल्याच असतात.

असे बारकावे प्रत्येकाने प्रत्येक वेळी कसे लक्षात ठेवायचे? त्यासाठीच साहाय्यक 'लायब्ररी' असते. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. एकदा नीट लिहून ठेवलेल्या आज्ञांचा तो संच. ओळी मोजणे, हवी ती ओळ शोधणे, रद्द झालेल्या ओळी काढणे ही कामे तिच्याकडे सोपवायची. घरोघरी जात्यावर दळण्याऐवजी गावात एक गिरणी असावी, तसेच हे.

मी कला शाखेचा विद्यार्थी; तरीही हा विषय मला परका वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाजार समितीतून मालाची पट्टी आली की वडील ती माझ्यापुढे धरतात आणि मी वजन, भाव, हमाली, तोलाई अशी एकेक ओळ वाचून दाखवतो. त्यांच्या लेखी छापील आकडा म्हणजे खरा आकडा. अशी माणसे आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या विश्वासाला जागण्याची जबाबदारी आज्ञा लिहिणाऱ्यावर येते.

म्हणूनच लायब्ररी लिहिताना एक तत्त्व पाळावे : ओळ जागेवरून ओळखू नये, तिच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखावी. वस्तूचे नावही पुरत नाही, कारण एकच वस्तू दोन दरांनी दोन ओळींत असू शकते. नेटसूटमध्ये ओळीला अशी स्वतंत्र खूण असते. शिवाय बिल रिकामे असेल, सगळ्याच ओळी रद्द असतील किंवा लागोपाठच्या दोन रद्द असतील, तर काय होते, हे आधी करून पाहावे. कारण गिरणीचे दगड बिघडले तर साऱ्या गावाचे पीठ जाडेभरडे निघते. लायब्ररीतली एक चूकही हजारो बिलांत उतरते.