हाक मारली की कोण वळतं?

देगलूरच्या बाजारात भर गर्दीत "मारुती" अशी हाक मारली, तर चार माणसं तरी वळून बघतील. मला हवा असलेला मारुती त्यांतला एकच. उरलेल्या तिघांचा काही दोष नाही. नावच तसं आहे. आजचा विषय मेंदूच्या प्रयोगशाळेतला असला, तरी त्याचं मर्म या हाकेत आहे.

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. जीवशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा एक चित्र दाखवलं. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीचा मेंदू, खसखशीच्या दाण्याहून लहान, पण आतून दिवे लावल्यासारखा उजळलेला. "हा उजेड कसला?" मी विचारलं. तो म्हणाला, "मामा, अँटिबॉडीचा."

अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. करोनाच्या साथीत 2020 साली हा शब्द घरोघरी पोचला. पण प्रतिपिंडाचं काम आपण शेतकरी मुलखातले लोक आधीपासून पाहत आलो आहोत. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तापासून तयार होतं. घोड्याला विष थोडं थोडं टोचतात. त्याचं शरीर त्या विषाला ओळखून धरणारी प्रतिपिंडं बनवतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामासाठी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आता विषाच्या जागी मेंदूतलं प्रथिन घ्या आणि घोड्याच्या जागी उंदीर. झालं संशोधनाचं प्रतिपिंड!

मेंदूतल्या दोन चेतापेशी जिथे निरोप देतात-घेतात, त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. मधे बारीकशी फट असते आणि निरोप रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो. तो सोडण्याचं काम प्रथिनं करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेन्झर यांच्याबरोबर 1976 साली अशा माशांवर निबंध लिहिला, की ज्या ऊब वाढली की लुळ्या पडत आणि गारवा मिळाला की पुन्हा उठत. यातल्या काहींचा दोष सिनॅप्सच्या प्रथिनांत होता, हे पुढे कळलं.

पण ही प्रथिनं दिसणार कशी? जर्मनीत व्यूर्ट्सबर्गला माशांच्या डोक्यांचा अर्क उंदरांना टोचून प्रतिपिंडांचा संग्रह केला होता. त्यातलं 'एनसी82' सिनॅप्सच्या जागा सुरेख दाखवी. मात्र ते नेमकं कोणत्या प्रथिनाला धरतं, हे बरीच वर्षं कळलं नव्हतं. किल्ली हातात, कुलूप बेपत्ता! 2006 साली ते प्रथिन जाहीर झालं. त्या निबंधावर पहिलं नाव आहे धनंजय वाघ. मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थांबतेच. हे प्रथिन कमी केलेल्या माशांना धड उडता येईना, म्हणून त्याचं नाव पडलं 'ब्रुखपायलट', म्हणजे विमान आपटणारा वैमानिक.

कृती ऐकायला सोपी आहे. मेंदू रसायनात पक्का करायचा, प्रतिपिंड आत शिरावं म्हणून पेशींची आवरणं साबणासारख्या द्रवाने सैल करायची. प्रतिपिंडात भिजवून थंडीत ठेवायचं, मग धुवायचं. त्यानंतर पहिल्याला धरणारं, चमकता रंग बांधलेलं दुसरं प्रतिपिंड घालायचं. पुन्हा धुवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

अडचण पुढे येते. चमक दिसली म्हणजे हवं तेच प्रथिन सापडलं असं नाही. सारख्या ठेवणीचं दुसरंच प्रथिनही "ओ" देतं. 2015 साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मिळून लिहिलं, की वाईट प्रतिपिंडांपायी वेळ आणि पैसा वाया जातो आहे. विस्मरणाच्या आजारावरचं संशोधन अशा चित्रांवर उभं असेल, तर ही चूक शेवटी रोग्याच्या उशाशी येते.

म्हणून खरी परीक्षा उलटी असते. ते प्रथिनच नसलेली माशी घ्यायची आणि तिला तेच प्रतिपिंड लावायचं. अंधार पडला, तर साक्ष खरी. तरीही चमकलं, तर साक्षीदार खोटा.

एका कविसंमेलनात माझं नाव पुकारून निवेदकाने सांगितलं, "आता उर्दू गझल ऐकू या." मी मराठी कविता वाचली. नाव ऐकून माणूस ओळखल्याचा त्याला भरवसा होता. विचारून बघायचं तेवढं राहिलं. प्रयोगशाळेत ते विचारणं सक्तीचं असतं, आणि मला या विज्ञानातलं तेच सर्वांत आवडलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)