बीआर ०१ : रुळांवरून टेबलावर आलेले जर्मन एक्स्प्रेस इंजिन

बीआर ०१ हे जर्मनीचे गाजलेले वाफेचे एक्स्प्रेस इंजिन. पहिल्या महायुद्धानंतर प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी वगैरे प्रांतांच्या रेल्वे एकत्र आल्या, तेव्हा नव्या राष्ट्रीय रेल्वेकडे नाना नमुन्यांची इंजिने जमली. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसत नसत. हा घोळ संपवण्यासाठी रिचर्ड पाउल वाग्नर या अभियंत्याच्या देखरेखीखाली एकसारख्या भागांची इंजिने आखली गेली आणि १९२६ मध्ये त्यांतल्या पहिल्या काहींपैकी एक, बीआर ०१, रुळांवर आले. १९३८ पर्यंत अशी २३१ इंजिने बांधली गेली. चालक चाकांचा व्यास दोन मीटर, टेंडरसह (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह) लांबी सुमारे २४ मीटर आणि नंतर बांधलेल्या इंजिनांचा कमाल वेग ताशी १३० किलोमीटर. पुढे चार, मध्ये सहा आणि मागे दोन चाके ही त्याची मांडणी आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचीही होती.

या इंजिनाच्या प्रतिकृती मेर्क्लिन, फ्लाइशमान, रोको अशा कंपन्यांनी काढल्या. गोपिंगनची मेर्क्लिन ही १८५९ पासूनची खेळणी बनवणारी कंपनी. सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढे. या हिशेबाने २४ मीटरचे इंजिन साडेसत्तावीस सेंटिमीटरचे होते, दोन मीटरचे चाक २३ मिलिमीटरचे आणि १४३५ मिलिमीटरचा रूळमार्ग साडेसोळा मिलिमीटरचा.

मापे नुसती भागून मात्र चालणारे इंजिन तयार होत नाही. प्रतिकृतीची खरी कारागिरी इथेच दिसते. घरातल्या टेबलावर मावणारे वळण फार तीव्र असते. मेर्क्लिनच्या नेहमीच्या लहान वळणाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम ३१ मीटर. खरे बीआर ०१ अशा वळणावर रुळांवरून उतरलेच असते. म्हणून चालक चाकांना आडवी हालचाल करायला थोडी मोकळीक देतात, पुढची-मागची लहान चाके अधिक वळू देतात आणि इंजिन व टेंडर यांच्यात मुळापेक्षा जास्त फट ठेवतात. जाणकार ती फट चटकन हेरतो; पण तिच्याशिवाय गाडी वळणार नाही.

वजनाचेही तसेच. खऱ्या इंजिनाचे वजन सुमारे १०९ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी घटली की ते सुमारे १६६ ग्रॅमच उरते. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके डब्यांच्या ओझ्याने जागच्या जागी फिरू लागतील. यासाठी धातूची ओतीव बांधणी करून वजन वाढवतात आणि काही चाकांवर रबराची बारीक कडी चढवतात.

वाफ अर्थातच नसते. बॉयलरमध्ये किंवा टेंडरमध्ये लपवलेली विजेची मोटर दातेरी चाकांमार्फत चालक चाके फिरवते. खऱ्या इंजिनात दट्ट्या चाकाला ढकलतो. इथे चाक दट्ट्याच्या दांड्याला ओढते. तरी चाकांबाहेरचे जोडदांडे आणि वाफेची झडप हलवणारी कांबींची रचना हुबेहूब हलते. इंजिन सावकाश चालवून ही हालचाल पाहण्यात या छंदाचा मोठा आनंद आहे. मेर्क्लिनच्या पद्धतीत रुळांमधल्या बारीक टोकांवरून घसरत जाणारी पट्टी वीज घेते. इतर बहुतेक कंपन्या दोन रुळांतूनच ती घेतात. धुराड्यातला धूर म्हणजे तापवलेल्या विशेष तेलाची वाफ.

हेच प्रमाण दिग्रसच्या वाचकाला ओळखीच्या गाडीवरही लावता येते. पूर्वी दारव्ह्यावरून धावणारी यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ ७६२ मिलिमीटरच्या अरुंद मार्गाची होती. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. एचओ प्रमाणात तिचा मार्ग पावणेनऊ मिलिमीटर होतो आणि अरुंद मार्गांच्या प्रतिकृतींसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. दिग्रसवरून आखलेला वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग ब्रॉडगेज आहे. त्याच्या दोन रुळांमधले अंतर या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर निघते, पण भारतीय छांदिष्ट सोयीसाठी साडेसोळाचेच रूळ वापरतात.

अशा लहान गाड्या सिग्नल, पूल आणि स्थानकांसह धावताना पाहायच्या असतील तर महाराष्ट्रात त्याची उत्तम जागा म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन तिथे जरूर जावे.