टायरवरचे चार आकडे

परवा पहिल्या पावसात रे रोड स्टेशनजवळ ब्रेक दाबला आणि गाडी तशीच घसरत गेली. पुढे ट्रक. काळजात धस्स झालं!

टायरची नक्षी तर शाबूत होती. टायरवाल्याने कडेचे चार आकडे दाखवले: २३१७. म्हणजे टायर २०१७च्या २३व्या आठवड्यात बनलेला. रबर कडक झालेलं, बारीक भेगा पडलेल्या. असा टायर ओल्या रस्त्यावर पकड घेत नाही.

खाचांमध्ये १.६ मिलिमीटरचे उंचवटे असतात. झीज तिथवर आली की टायर बदलायचाच. मी तर पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरलाच बदलतो. पाणी निघायला खाच खोल हवी.

दोनच नवे घेणार असाल तर मागे लावा, मागची बाजू घसरत नाही.

आजच आकडे बघा. कळलं नाही तर फोटो पाठवा, सांगतो.